फेसाचं मंगलाष्टक

कुणाच्याही घरी गेले की मामा आधी चपला उंबऱ्याच्या आत आणून भिंतीला टेकवून उभ्या करत. निघायची घाई नाही, हे घरच्यांना कळावं म्हणून. मग तांब्याभर पाणी पीत, मिशीवरून पालथा हात फिरवत आणि दोन्ही गुडघ्यांवर तळवे ठेवून म्हणत, "पोरगं सरळ हाय, पोरगी शांत हाय. अजून काय पायजे?"

केजपासून तिकडं थेट दिंद्रुडपर्यंत किती घरांत हे वाक्य बोललं गेलं असेल, याचा हिशेब त्यांनीही ठेवला नव्हता. मामा सोयरिकी जुळवायचे. ते सख्खे मामा कुणाचे होते कोण जाणे, पण सगळा तालुका त्यांना मामाच म्हणायचा. तुमच्याही भागात असा एक माणूस तुम्ही पाहिला असेल. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक न चालणारं, आणि कुठल्याही वडापच्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा यांच्यासाठी राखलेली.

त्यांची चौकशी पक्की असायची. जमीन बागायती की कोरडवाहू, भाऊ किती, भावकीत कोर्टकचेरी चालू आहे का, विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं का, पोराचा आजा कशानं गेला. सगळं तोंडपाठ. पोरीची चौकशी मात्र दोनच गोष्टींची. स्वयंपाक येतो का, आणि आवाज मोठा नाही ना. तिला काय आवडतं हे विचारायचं असतं, हे ना मामांच्या डोक्यात आलं, ना बाकी कुणाच्या.

माझी सोयरीक त्यांनीच जुळवली. मी दिंद्रुडची. मुळात तोंडाळ. पण पाहुणे यायच्या दिवशी आईनं दम दिला होता, "आज तोंड उघडलंस तर बघ." म्हणून मी फरशीकडं बघत बसले. मामांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि पाहुण्यांकडं वळून सांगून टाकलं, "पोरगी शांत हाय." मला इतकं हसू आलं होतं, पण तेही गिळलं.

या गोष्टीला अठरा वर्षं झाली. आमच्या ह्यांचं केजला खताबियाण्यांचं दुकान आहे. माणूस मामांनी सांगितला तसाच सरळ. दारू नाही, कधी हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. आवाज उतरवायचाही प्रश्न आला नाही, कारण बोलणंच नाही. "वाढ," "येतो," आणि पाऊस लांबला तर "लांबला." एवढ्यात आमचा संसार झाला. मी गाऱ्हाणं सांगत नाही. पुढं याची गरज पडणार आहे म्हणून आधीच सांगून ठेवते.

मी इथल्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. दोन खोल्या, सहा कपाटं, आणि पुस्तकांपेक्षा पेपर वाचायला येणारे जास्त. सगळ्या गोंधळाची सुरुवात माझ्याच टेबलावर झाली, हे मी कबूल करते.

आमच्याकडची फाटकी पुस्तकं अधूनमधून बांधायला पाठवतात. बाइंडरकडं लाल रेक्झिनचं एकच थान. जुनं कव्हर निघतं, त्याबरोबर नाव जातं, आणि पाठीवर पांढऱ्या रंगात फक्त नंबर पडतो. गठ्ठा परत आला की प्रत्येक पुस्तक उघडून नंबर रजिस्टरशी ताडायचा असतो. मी ताडला नव्हता. त्या गठ्ठ्यात मंगलाष्टकांचा एक संग्रह होता, आणि कॉलेजच्या पोरींनी वाचून वाचून खिळखिळी केलेली एक विनोदी प्रेमाची कादंबरी होती. बाइंडरनं दोघांचे नंबर अदलाबदल केले.

मामा लग्न नुसतं जुळवत नसत, मांडवात माइकवर मंगलाष्टकंही म्हणत. त्यांची दोन-तीन ठरलेली होती आणि लोकांनाही ती पाठ झाली होती. एक दिवस ते वाचनालयात आले आणि म्हणाले, "पोरी, मांजरसुंब्याला लगीन हाय. मोठी माणसं येणारेत. काहीतरी नवं दे." मी रजिस्टर पाहिलं, नंबर पाहिला, लाल पुस्तक काढून दिलं. त्यांनी ते उघडलं नाही. पिशवीत टाकलं आणि गेले.

त्या लग्नाला मीही होते. नवरी आमच्या शेजारची. हायवेलगतचं मंगल कार्यालय, बाहेर ढाब्यावरच्या ट्रकांचे हॉर्न, आत अक्षता धरून घामेजलेले हात. अंतरपाट धरला. मामांनी पाठ असलेली दोन म्हटली. मग पिशवीतून लाल पुस्तक काढलं, चष्मा लावला, मध्येच कुठंतरी उघडलं. मामांची एक सवय होती. आधी सूर लावायचा, मग डोळे अक्षरांवर न्यायचे. सूर लागला. तो मागं कसा घेणार. आणि सगळ्या मांडवानं माइकवरून ऐकलं, मंगलाष्टकाच्या चालीत, आळवून आळवून:

"पाणी गेलं मध्येच, म्हणुनी तो, डोक्यावरी फेस घेऊनी, टॉवेल धरुनी एका हाती, तिच्या दारी उभा राहिला..."

मांडव गारठला. मामांनाही काहीतरी चुकतंय हे कळलं होतं, पण गाडी उतारावर लागली होती. "ती म्हणाली, बादली देते, पण आधी डोळे मीट, तो म्हणाला, डोळ्यांत साबणच गेलाय..." आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "शुभ मंगल सावधान." सवयीनंच लोकांनी अक्षता टाकल्या. वाजंत्रीवाल्यांनी वाजवलंसुद्धा.

वरबाप लाल झाले होते. आमदारकीच्या गप्पा मारणारे पुढच्या खुर्च्यांवरचे फेटेवाले एकमेकांकडं बघत होते. मी तर ती कादंबरी ओळखली होती. आणि तेवढ्यात अंतरपाट हलायला लागला. अलीकडं नवरी हसत होती. खांदे हलत होते, मुंडावळ्या हलत होत्या. पलीकडून नवऱ्याचं फिसकन हसू आलं. ते ऐकून ती आणखी हसली. मांडवात दोघांनी एकमेकांचं तोंड अजून पाहिलं नव्हतं आणि दोघं कापडाच्या दोन बाजूंना हसत उभे होते.

मामांकडं माझं लक्ष होतं. ते माइक धरून त्या पोरीकडं बघतच राहिले होते.

दुसऱ्या दिवशी ते वाचनालयात आले तेव्हा मी आधीच उभी राहिले. म्हटलं, "मामा, चूक माझी आहे. नंबर..."

त्यांनी हात वर केला. पुस्तक टेबलावर ठेवलं नाही, काखेतच ठेवलं. म्हणाले, "आजून आठ दिस राहू दे."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण मामा चेष्टा करत नसत. मी त्यांना कधी हसताना पाहिलंच नव्हतं. मिशीखाली काही हललं तर ते पान असायचं. मी मुकाट्यानं तारीख वाढवून दिली. आठ दिवसांनी पुन्हा वाढवली. मग पुन्हा. कॉलेजच्या पोरी कादंबरी मागायला यायच्या, मी सांगायची, "मामांकडं आहे." त्या माझ्या तोंडाकडं बघत राहायच्या.

जीपवाल्यांकडून बातम्या यायला लागल्या. मामा पुढच्या सीटवर बसून वाचतात. मामा एकटेच हसतात. एकदा इतके हसले की ड्रायव्हरनं गाडी कडेला घेऊन विचारलं, "मामा, बरं हाय ना?" आणि मामांनी त्याला अख्खं पान वाचून दाखवलं. मागचे प्रवासी उतरायला तयार होईनात, म्हणे पुढचं ऐकू द्या.

कादंबरीत तसं फार काही नाही. पुण्यातली एक इमारत. खाली मोबाइल दुरुस्त करणारी पोरगी, वर दातांचा डॉक्टर, ज्याला स्वतःला इंजेक्शनची भीती. पाण्यावरून भांडतात, गाडी लावायच्या जागेवरून भांडतात, आणि भांडता भांडता एकमेकांशिवाय करमेनासं होतं. एका दुपारी मामा माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, "मला एक सांग. ह्यांच्यात जमीन न्हाई, भावकी न्हाई, मध्यस्त न्हाई. तरी जमतंय कावून?"

मी म्हटलं, "ती कादंबरी आहे, मामा."

"ते कळतंय मला. पर बघ, ती काय बी बोलली की ह्यो हसतो. त्यो काय बी बोलला की ती हसती. दुसरं काय बी न्हाई त्या पुस्तकात. आन् मी चारदा वाचलंय." मग ते म्हणाले, "आमी हे कधी इचारलंच न्हाई बघ कुणाला."

त्यानंतर जे सुरू झालं त्यानं सगळा तालुका चाट पडला. मामा स्वतः जुळवलेल्या सोयरिकींच्या घरी परत जायला लागले. चपला आत, तांब्याभर पाणी, गुडघ्यांवर तळवे, सगळं तसंच. फक्त वाक्य बदललं. "तुमी दोघं घरात हसता का?"

विचार करा, सून भाकरी थापतेय, सासू दळण निवडतेय, आणि म्हातारा हे विचारतोय. काहींनी चहा देऊन वाटेला लावलं. एका बड्या जमीनदारानं अंगणातूनच सुनावलं, "मामा, डोकं ठिकाणावर हाय का? ह्या घरात हसायला काय तमाशा हाय?" मामा माझ्याकडं येऊन म्हणाले, "त्याची सून दाराआड उभी व्हती. तिनं माझ्याकडं असं बघितलं, पोरी, की मला पाणी बी गिळंना."

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या वस्तीवरही ते गेले. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. कारखान्याला निघायच्या आधी कोयता पुरा व्हावा म्हणून घाईघाईनं लग्नं लागतात, आणि तशी कितीतरी मामांनी लावलेली. तिथल्या एका बाईनं त्यांना ऐकवलं, "मामा, फडात हसायला दम कुटं ऱ्हातो?" मग तीच म्हणाली, "एकदा हसलो व्हतो मातर. ट्रॅक्टर रुतला आन् ह्यो ढकलाया गेला, तर ट्रॅक्टर निघाला आन् ह्योच रुतला." ती सांगत होती, नवरा मान खाली घालून हसत होता. हे मला सांगताना मामांचे डोळे भरून आले होते. "एक जमलं बघ," म्हणाले.

नव्या सोयरिकीतही त्यांनी हट्ट धरला. पोरगा-पोरगी अर्धा तास एकत्र बसवा, आणि आतून हसल्याचा आवाज आला नाही तर पुढं बोलायचं नाही. लोक किती दिवस ऐकणार. आमंत्रणं थांबली. जीपमधली पुढची जागा दुसऱ्याला जायला लागली. "पुस्तकानं म्हातारा बिघडवला," असं चौकात बोलू लागले. वाचनालयाच्या अध्यक्षांनी मला बोलावून विचारलं, "मॅडम, असली पुस्तकं आपण ठेवतो कशाला?" मी म्हटलं, "पोरी वाचतात म्हणून." ते म्हणाले, "पोरींचं ठीक आहे हो."

आणि मग एक दिवस माझी पाळी आली.

मला हे आधीच कळायला हवं होतं, पण कळलं नाही. दुपारची वेळ, वाचनालयात कुणी नव्हतं. मामा बसले, गुडघ्यांवर तळवे ठेवले. "पोरी, तुला इचारायचं राहिलं बघ. तू हसती का घरी?"

माझ्यात इतका राग साठलेला आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मामा, तुम्ही माझ्या वडिलांना सांगितलं होतं, पोरगा सरळ आहे. सरळ आहे. पाहुण्यांना सांगितलं होतं, पोरगी शांत आहे. मी शांत नव्हते. गल्लीत माझा आवाज चार घरं ऐकू जायचा. आता झाले शांत. अजून काय पायजे?"

त्यांचंच वाक्य त्यांच्यावर फेकलं. बोलून झाल्यावर मीच हादरले. बापाच्या वयाचा माणूस. त्यांचा चेहरा एकदम उतरला. ते उठले, दाराशी चपला घालताना त्यांना दुसरी चप्पल सापडेना, पायाशीच होती. मी उठून दिली नाही. ते मला अजून टोचतं.

त्यानंतर ते वाचनालयात आले नाहीत. महिना होऊन गेला. कुणीतरी सांगितलं, मामा दोन-तीनदा दिंद्रुडच्या जीपमध्ये दिसले. मला वाटलं, मिळाली असेल एखादी सोयरीक. बरं झालं असंच वाटलं. रोज दारात सावली पडली की मी मान वर करायची. माफी कशी मागायची हे मनात जुळवून ठेवलं होतं.

एका सकाळी ते बसस्टँडच्या बाकावर गाडीची वाट बघत बसले आणि बसल्या जागी गेले. शेजारच्याला वाटलं डुलकी लागली. बातमी आली तेव्हा मी पुस्तकांवर शिक्के मारत होते. शिक्का मारतच राहिले, एकाच पानावर, कितीतरी वेळ.

दहाव्याला आम्ही दोघंही गेलो. मला वाटलं होतं, लोक बिघडलेल्या म्हाताऱ्याला विसरले असतील. पण माणूस मावत नव्हता. मांजरसुंब्याची ती नवरी कडेवर बाळ घेऊन आली होती. मामांच्या बायकोजवळ मी बसले. त्या हळूच म्हणाल्या, "तुझं ते लाल पुस्तक घरात हाय. पाठवून देऊ का?" मी म्हटलं, "राहू द्या मामी, घाई नाही." त्या म्हणाल्या, "मला वाचता येत न्हाई. ते वाचून दाखवायचे, रोज जेवण झाल्यावर. निम्म्यावर आलतो आमी." मग पदर तोंडाशी नेऊन म्हणाल्या, "लई हसवलं बघ ह्या साली."

चाळीस वर्षं त्या घरात हे वाक्य बोललं गेलं नव्हतं, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. मी सांगितलं, पुढचं मी येऊन वाचून दाखवीन.

परत येताना हे मला घरी न सोडता दुकानावर घेऊन गेले. मला नवल वाटलं. दुपारची शांतता होती. ह्यांनी गल्ल्याशेजारचा खण उघडला आणि घडी घातलेला एक कागद माझ्यासमोर धरला. "मामा देऊन गेलते. पंधरा दिस झाले. कसं बोलावं कळंना."

कागद म्हणजे बायोडाटा होता. लग्नाला देतात तसा, वर देवाचं नाव, खाली मामांचं वळणदार अक्षर. मुलीचं नाव: माझं. माहेर: दिंद्रुड. जमीन, भाऊ, उंची, यातलं काही नाही. पुढं लिहिलं होतं:

"मुलगी शांत नाही. चौकशीत आढळले की लहानपणी गल्लीतल्या गुरुजींच्या चालण्याची हुबेहूब नक्कल करी. पिठाच्या गिरणीत वीज गेली की गिरणीवाल्याचा चेहरा करून दाखवी. कुणी शिंकले की हसू आवरत नाही. पाहणीच्या दिवशीही हसू आले होते, आईने सांगितले. आधीची चौकशी अपुरी होती. चूक माझी आहे. मुलाने वाचून विचार करावा."

माहिती देणाऱ्यांत माझी आई, शाळेतली मैत्रीण आणि गिरणीवाला यांची नावं होती. अठरा वर्षांनी मामा माझी चौकशी करायला गेले होते. जीपनं, तीनदा. मी खताच्या पोत्यावर बसले आणि तिथंच रडले. ज्या माणसाला मी चप्पलही उचलून दिली नाही, त्यानं हे केलं होतं.

हे म्हणाले, "ती गुरुजींची नक्कल. खरं हाय का?"

"हं."

"कर की."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. म्हटलं, "आज? आज दहावा झालाय मामांचा."

त्यांनी कागदाची घडी घातली, खणात ठेवली, खण लावला. पाठ माझ्याकडंच होती. म्हणाले, "मामा म्हणलते, ती आपणहून करायची न्हाई, तुला म्हणावं लागंल. तर म्हणतोय."

मी उठले. पदर खोचला. दोन्ही बाजूंना पोती, मध्ये चार पावलांची वाट. गुरुजी एक खांदा वर काढून, धोतराचा सोगा चिमटीत धरून, दर तिसऱ्या पावलाला मागं वळून बघत चालायचे, कुणी पोरगं नक्कल करतंय का ते पाहायला. मी तशी चालत गेले, वळले, तशीच परत आले.

आणि हे हसले. तोंड उघडून, मान मागं टाकून, काउंटरला धरून. वरच्या बाजूची एक दाढ नव्हती.

"ही दाढ कधी काढली?"

"सहा वर्षं झाली. बीडला गेलतो तवा."

"मला बोलला नाहीत."

"तू इचारलं न्हाई," हे म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. डोळे पुसत होते, हसू अजून थांबत नव्हतं, आणि आता मलाही येत होतं.

हे मामांना आत्ताच्या आत्ता सांगायला हवं, असं वाटून मी दुकानाबाहेर रस्त्याकडं पाहिलं. सकाळीच त्यांचा दहावा करून आलो होतो.